गाडीच्या विम्यात काय बसत नाही: पावसाआधी पॉलिसी वाचायची रीत

जुलैतली सकाळ. गोव्यातल्या साखळी गावाहून टो करून आणलेली एक हॅचबॅक गॅरेजच्या दारात उतरवली. दार उघडलं तसं गढूळ पाणी पायांवर आलं. सीट भिजून फुगलेल्या, मॅटखाली चिखल, डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढचं जास्वंदीचं फूल तेवढं कोरडं. मालक वाळपईकडचे. पॉलिसी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेली. म्हणाले, "भाई, फुल इन्शुरन्स आसा न्हय!"

मी एकच विचारलं, "पाणी ओसरल्यावर सेल्फ मारला होता?"

"चार-पाच वेळा. एकदा घुर्र झाली, मग बंदच पडली."

सीट, कार्पेट, वायरिंग, कॉम्प्युटर युनिट यांचे पैसे त्यांना मिळाले. इंजिनाचे मिळाले नाहीत, आणि सगळ्या बिलात मोठा आकडा इंजिनाचाच होता.

फोंड्यातल्या या गॅरेजच्या क्लेम टेबलावर मला चौदा वर्षं झाली. नाकारलेला क्लेम आभाळातून पडत नाही. नकाराचं कारण पॉलिसीत आधीच छापलेलं असतं, आणि ते लागू होतं ते मालकाच्या एखाद्या साध्या कृतीमुळे: अपघातानंतरची दहा मिनिटं, किंवा पॉलिसी घेताना घाईत दिलेला होकार. म्हणून मे महिन्यात, छपराची कौलं परतताना, एक संध्याकाळ पॉलिसीलाही द्या. मोबाइलवर नको, प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. कंपनी कोणतीही असो, खासगी गाडीच्या पॉलिसीचा मूळ मजकूर जवळजवळ सारखाच असतो. तो २००२ च्या मोटार टॅरिफमधून आला आहे. २००७ पासून हप्त्याचे दर मोकळे झाले, पण मजकुराचा गाभा तोच राहिला. त्यामुळे पुढे लिहिलंय ते तुमच्याही कागदावर सापडेल.

पहिलं पान: दोन तारखा शोधा

पहिल्या पानावर दोन भाग असतात. एक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, त्याला आम्ही ओडी म्हणतो. दुसरा थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त दुसरा. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला एक रुपयाही मिळत नाही. चूक समोरच्याची असली तरी तुमच्या कंपनीकडून नाही.

इथे एक खड्डा आहे, त्यात शिकलेली माणसंही पडतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण ओडीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. कागदावर तीन वर्षांनंतरची तारीख दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षी कुंपणाच्या चिऱ्याला गाडी घासते, तेव्हा कळतं की ओडी आठ महिन्यांपूर्वीच संपला. दोन्ही तारखांभोवती गोल करा आणि ओडीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. ओडी संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तोही जातो.

त्याच पानावर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, लिहिलेला असतो. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर हिशेब या आकड्यावरून होतो. हप्ता कमी दिसावा म्हणून काही जण आयडीव्ही खाली आणून देतात. पाच-सातशे रुपये वाचतात आणि गाडी गेली तर तीस-चाळीस हजारांचा फटका बसतो.

आधी कुंपण कुठे आहे ते बघा

काय बसत नाही हे समजायला काय बसतं ते माहीत हवं. आग, वीज, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, दरड, बाहेरून झालेला अपघात, एवढं मूळ पॉलिसीत असतं. चोर्ला घाटात दरडीचा दगड बोनेटवर आला तर क्लेम होतो. घरामागच्या माडावरून नारळ किंवा चुडत काचेवर पडलं तर होतो. रस्ता, रेल्वे आणि अंतर्गत जलमार्गाने गाडी नेतानाची हानीही यादीत आहे. म्हणजे दिवाडीच्या किंवा चोडणच्या फेरीबोटीत गाडी आदळली तर ती उघड्यावर नाही. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि ते खिशातून भरून मोकळे होतात.

पाणी: गोव्यातला सगळ्यात महागडा गैरसमज

पूर पॉलिसीत आहे, मग इंजिन का नाही? याचं उत्तर यंत्रात आहे.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. हवा दबते. पाणी दबत नाही. हवेच्या नळीतून पाणी आत गेलेलं असताना सेल्फ मारला की पिस्टन पूर्ण जोराने वर येतो, पाण्यावर आपटतो, आणि सगळा भार त्याच्या खालच्या दांडीवर, कनेक्टिंग रॉडवर येतो. दांडी वाकते. वाकलेला रॉड आमच्या टेबलावर काढून ठेवला की सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, फार विचारावं लागत नाही. पाणी नुसतं आत शिरून थांबलं असतं तर दांडी सरळ राहिली असती. इंजिन फिरलं म्हणून वाकली. पॉलिसीच्या भाषेत हे पुरामुळे झालेलं नुकसान नाही, पुरानंतर ओढवलेलं नुकसान आहे. इंग्रजी पॉलिसीत त्याला 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस' म्हणतात, आणि वगळलेल्या गोष्टींच्या यादीत तो पहिल्याच ओळीत असतो. पेन्सिलीने तिथे खूण करा.

पाण्यातून गाडी रेटताना इंजिन बंद पडलं तरी गोष्ट तीच. जुलै २०२१ मध्ये सत्तरी आणि डिचोलीच्या बाजूला पूर आला, तेव्हा घराजवळ उभ्या असलेल्या गाड्याही पाण्याखाली गेल्या. उभ्या गाडीचा क्लेम सोपा असतो, फक्त कुणी तिला चालू करायला नको.

गाडी पाण्यात सापडली तर असं करा. पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत आलं असेल तर चावी लावायचीच नाही, इग्निशनही ऑन करायचं नाही. हात पोचत असेल आणि सुरक्षित असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीला मात्र हात लावू नका, ते काम माहितगाराचंच. पाणी कुठवर चढलं होतं याचे फोटो काढा. आतल्या चिखलाची रेषा, सीटवरचा डाग, नंबरप्लेट दिसेल असा एक फोटो. मग कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या आणि गाडी टो करूनच हलवा. शेजारचा पोरगा म्हणेल, "एकदा मारून बघूया." त्याला घरात बसवून चहा द्या.

मूळ पॉलिसीत टो करण्याचा खर्च एका अपघाताला १५०० रुपयांपर्यंतच मिळतो. काणकोणहून फोंड्याला गाडी आणायची तर तेवढ्यात भागणार नाही. रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर त्याचा नंबर फोनमध्ये आजच भरा.

चेंबर फुटलं आणि गाडी चालत राहिली

दुसरा क्रमांक याचा. रात्रीची वेळ, पाऊस, रंग उडालेला स्पीडब्रेकर किंवा खड्ड्यातला दगड. खालून 'खाड्' असा आवाज येतो. गाडी चालतेय म्हणून माणूस पुढे जातो. ऑइलचा चेंबर तडकलेला असतो, ऑइल गळत असतं, थोड्या वेळात लाल दिवा लागतो. "घर सहा किलोमीटरवर आहे, पोचू" असं म्हणून तो रेटतो आणि इंजिन सीज होतं.

चेंबर फुटणं हा अपघात आहे, त्याचे पैसे मिळतात. इंजिन सीज होणं हे पुढचं नुकसान, ते मिळत नाही. पॉलिसीच्या शेवटी अटींचा भाग असतो. त्यातली एक अट सांगते की गाडीची वाजवी काळजी घेणं मालकाचं काम आहे, आणि अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान सर्वस्वी त्याच्या जोखमीवर. अपघातानंतर गाडी रस्त्यावर वाऱ्यावर सोडून जाऊ नये, हेही त्याच अटीत आहे.

म्हणून खालून मोठा आवाज आला की थांबा. टॉर्च लावून गाडीखाली बघा. काळा थेंब पडत असेल तर इंजिन तिथेच बंद.

वाळूत गाडी नेणाऱ्यांचंही इथेच सांगतो. किनाऱ्यावर गाडी नेण्याला गोव्यात बंदी आहे, पोलीस गुन्हा नोंदवतात, तरी भरतीत अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दर सीझनला येतात. वाळूत रुतणं हा अपघात नाही, आणि बंदी असताना समुद्राच्या पाण्यापाशी गाडी नेणं वाजवी काळजीत कसं बसेल? असा क्लेम टिकवणं फार कठीण.

गाडी कशासाठी वापरत होता

पॉलिसीत 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' अशा शीर्षकाचा छोटा परिच्छेद असतो. गोव्यातल्या माणसाने अख्ख्या पॉलिसीत एकच परिच्छेद वाचायचा ठरवला तर मी त्याला हाच वाचायला सांगेन. खासगी गाडी भाड्याने देणं, त्यातून धंद्याचा माल वाहणं, शर्यत, वेगाची चाचणी, गाड्यांच्या व्यवसायासाठी वापर, हे सगळं त्यात वगळलेलं आहे.

भाड्याचं दुखणं आपल्याकडे मोठं आहे. परवानगी असलेल्या रेंट-अ-कॅबची नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी. पण घरात उभी असलेली पांढऱ्या प्लेटची गाडी सीझनमध्ये ओळखीतल्या पाहुण्यांना दिवसावर देणारे गावोगावी आहेत. मुलगा दुबईला, गाडी नुसती उभी, चार पैसे सुटतात, असा साधा विचार असतो. मग पाहुणा कुठेतरी गाडी ठोकतो. सर्व्हेअर विचारतो, गाडी कोण चालवत होतं? तुमचे कोण लागतात? पाहुण्याच्या मोबाइलवर पैसे पाठवल्याची नोंद असते आणि विषय संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशाच एका प्रकरणात क्लेम पूर्ण न नाकारता काही रक्कम द्यायला लावली होती, पण त्यासाठी मालकाला दिल्लीपर्यंत भांडावं लागलं. त्या आशेवर गाडी देऊ नका.

मालाचंही तसंच. स्वतःचं सामान आणि नमुने चालतात. काजूबियांची पोती व्यापाऱ्याकडे नेणं किंवा मासळीचे खोके हॉटेलांना पोचवणं यांत बसत नाही.

चालवत कोण होतं

ज्याच्याकडे त्या दिवशी वैध लायसन्स आहे तो तुमच्या संमतीने गाडी चालवू शकतो, पॉलिसीवर त्याचं नाव असावं लागत नाही. शिकाऊ लायसन्सवाल्यालाही संरक्षण आहे, पण नियम पाळून: एल बोर्ड लावलेला आणि बाजूला पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला. लायसन्स संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत असायची. २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. घरातल्या सगळ्यांची लायसन्सं एकदा टेबलावर मांडून तारखा बघा, विशेषतः वडिलांचं. वयाप्रमाणे मुदत कमी होत जाते आणि त्यांच्या लक्षात राहत नाही.

दारूबद्दल स्पष्टच लिहितो, कारण चवथीपासून कार्निव्हलपर्यंत मी तेच तेच चेहरे बघतो. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पॉलिसीत मात्र आकडा नाही. तिथे फक्त 'अमलाखाली' एवढंच म्हटलं आहे. पोलिसांनी तपासणी केली नाही म्हणून सुटलो, असं कुणी समजू नये. दिल्लीतल्या एका महागड्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की चाचणी झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून कंपनी हे सिद्ध करू शकते. हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेली दारूच्या वासाची एक ओळ भारी पडते.

अशा वेळी धडकेत जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाला न्यायाधिकरण सहसा वाऱ्यावर सोडत नाही. कंपनीने आधी त्याला भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो. म्हणजे गाडीचे पैसे तर गेलेच, वर लाखांची वसुली दारात.

गाडीचे कागदही इथेच तपासा. तात्पुरत्या नंबरची मुदत संपलेल्या गाडीचा क्लेम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला नाही आणि २०२१ मध्येही नाही. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी रिन्यू केली नसेल तर तोच धोका. पीयूसीबद्दल मात्र उगाच भीती पसरलेली आहे. ते नाही म्हणून क्लेम नाकारता येणार नाही, असा खुलासा विमा नियामकाने ऑगस्ट २०२० मध्ये केला आहे. दंड होईल तो वेगळा.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर थर्ड पार्टीचा भाग कायद्यानेच नव्या मालकाकडे येतो, ओडीचा येत नाही. १४ दिवसांच्या आत पॉलिसी नावावर करून मागा. काकांची गाडी पुतण्याने घेतली, कागद काकांच्याच नावावर राहिले, असं आपल्याकडे सर्रास चालतं. अपघातानंतर पुतण्याचं पॉलिसीशी काहीच नातं उरत नाही. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तोही काकांकडेच राहतो.

झीज, गंज, टायर आणि गाडीतलं सामान

झीज आणि यंत्रातला किंवा विजेचा आपोआप आलेला बिघाड पॉलिसीत नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना हे जास्त लागतं. मोरजी, कळंगुट, कोलव्याच्या खाऱ्या वाऱ्याने दाराच्या खालच्या कडा पाच वर्षांत गंजतात. अपघातात ते दार बदलायची वेळ आली की सर्व्हेअर आधीचा गंज वेगळा काढतो. त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.

टायर एकटा फाटला तर मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्के मिळतात. गाडीत ठेवलेला लॅपटॉप, पर्स, कॅमेरा चोरीला गेला तर गाडीच्या पॉलिसीत त्याला जागा नाही. बाहेरून बसवलेला सीएनजी किट, म्युझिक सिस्टिम, जादा दिवे पॉलिसीत नोंदवले नसतील तर तेही बाहेर. किटची नोंद तर आरसीवरही हवी.

उंदीर. पावसात ते बोनेटखाली उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. मूळ मजकुरात उंदराचा उल्लेख नाही, म्हणून काही कंपन्या हा बाहेरून झालेला अपघात मानून पैसे देतात, काही झीज म्हणून हात वर करतात. तुमच्या कंपनीला आजच ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

युद्ध, अणुस्फोट, भारताबाहेरचा अपघात हेही वगळलेलं आहे. सावंतवाडी, बेळगाव, कारवारला काही अडचण नाही.

मंजूर झालेल्या क्लेममधूनही पैसे कापतात

काउंटरवर सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. क्लेम मंजूर आहे, मग माझ्याकडून दहा हजार कशाला मागता? एक उदाहरण मांडतो. गाडी साडेतीन वर्षांची, इंजिन १५०० सीसीच्या आतलं, झिरो डेप, म्हणजे घसारा (जुनेपणाची कपात) भरून देणारा जादा विमा (ॲड-ऑन), नाही. जीएसटी सोपेपणासाठी बाजूला ठेवतो.

प्लास्टिकचा बंपर ८,००० रुपये. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा, म्हणून ४,००० कापले. पत्र्याचं बोनेट १२,०००. तीन ते चार वर्षांच्या गाडीला पत्र्यावर २५ टक्के, म्हणून ३,००० कापले. पुढची काच ९,०००, काचेवर घसारा नाही. रंगकाम १०,०००. त्यात रंगाचा माल २५ टक्के धरतात आणि त्या २,५०० च्या निम्मे, म्हणजे १,२५० कापतात. मजुरी ६,०००, पूर्ण मिळते. कूलंट, ऑइल, क्लिपा, नटबोल्ट १,२००, काहीच मिळत नाही. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायचा भाग, १,००० रुपये. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला ती २,००० असते.

बिल ४६,२०० चं. कापले १०,४५०. कंपनीकडून ३५,७५०. सर्व्हेअरने फसवलेलं नाही, तक्ता पॉलिसीत आहे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला पत्र्यावर ४० टक्के कापतात, दहाच्या पुढे ५०. हप्ता कमी करायला कुणी ऐच्छिक वजावट निवडून दिली असेल तर तीही यात वाढते. पहिल्या पानावर तो आकडा शोधा, पुष्कळांना तो आपण निवडल्याचंच माहीत नसतं.

छोटा क्लेम घालण्याआधी अजून एक हिशेब करा. समजा ओडीचा हप्ता बोनसशिवाय ८,००० आहे आणि तुम्हाला ५० टक्के बोनस मिळतोय, म्हणजे तुम्ही ४,००० भरता. एक क्लेम केला की पुढचं वर्ष शून्य बोनसवर, मग २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी पुन्हा ५०. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तरी या चढणीत तुम्ही एकूण १०,००० रुपये जास्त भरता. तीन हजारांच्या घासलेल्या दारासाठी क्लेम घालायला आलेल्यांना मी हे कागदावर मांडून दाखवतो, आणि बहुतेक जण रोख पैसे देऊन जातात.

ॲड-ऑन: सगळे नकोत, जागा बघून घ्या

झिरो डेप पाच वर्षांच्या आतल्या गाडीला घ्यावा असं माझं मत आहे. घसारा त्याने भरून निघतो, सक्तीची वजावट मात्र राहते, आणि वर्षात किती क्लेम चालतील याची मर्यादा असते. ती विचारून घ्या.

इंजिन प्रोटेक्ट साखळी, डिचोली, वाळपईकडच्या सखल भागातल्यांनी आणि पणजी-मडगावात तळमजल्याच्या खाली गाडी ठेवणाऱ्यांनी सोडू नये. पण त्याचाही मजकूर वाचा. पाणी शिरलेलं कळूनही पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्यास पैसे नाहीत, अशी अट काही ठिकाणी असते. डोंगरावर घर आहे आणि पुराच्या वाटेने कधी जात नाही, तर हे पैसे कन्झ्युमेबल्सवर, म्हणजे ऑइल, कूलंट, नटबोल्ट यांचा खर्च देणाऱ्या ॲड-ऑनवर घाला. गाडी नवी असेल तर रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर खरेदीच्या बिलाइतकी रक्कम देणारा. इलेक्ट्रिक गाडीला बॅटरीचं वेगळं संरक्षण विचारा. टायर, चावी, सामान यांचे ॲड-ऑन मी स्वतः घेत नाही.

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा यात मोजू नका, तो सक्तीचा आहे. मागे बसणाऱ्यांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो. चार जण रोज एकाच गाडीतून वेर्ण्याला कामाला जात असाल तर तो घ्याच. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्यासाठीही थोडक्या पैशांत जोड मिळते.

आणि कंपनी बदलताना फॉर्ममध्ये बोनस खरा लिहा. मागच्या वर्षी क्लेम घेऊन 'क्लेम नाही' लिहिलं तर ते सापडतंच. एजंट म्हणेल "घाल बाब, कोण बघता", पण सही तुमची असते.

अपघाताच्या दिवशी आणि नकार आला तर

कंपनीला त्याच दिवशी कळवा. चोरी असेल तर आधी पोलीस. एफआयआर ताबडतोब केलेली असेल तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून चोरीचा खरा क्लेम नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. उलट पोलिसांकडे जायलाच आठवडा लावला तर अवघड. सर्व्हे होण्याआधी गाडी उघडू देऊ नका, आम्हालासुद्धा नाही. काय घडलं ते जसं घडलं तसं लिहा. 'बायको चालवत होती' हे लपवून स्वतःचं नाव घालणारे पुढे फोटोत अडकतात, आणि तिचं लायसन्स चालू असताना ते खोटं बोलायची काही गरजच नव्हती.

नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत, आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. या तारखा वहीत लिहीत जा. फोनवरचा नकार ऐकून गप्प बसू नका. लेखी नकार आणि पॉलिसीतलं नेमकं कलम मागा. ते कलम तुमच्या प्रिंटवर शोधा आणि घडलेल्या गोष्टीला ते खरंच लागू होतं का, ते शांतपणे बघा. कितीदा तरी अर्धाच भाग नाकारण्यासारखा असतो आणि कंपनी पूर्ण क्लेम बंद करते. इंजिन नाकारलं म्हणून सीट आणि वायरिंगही नाकारलं, असा कागद आला तर तिथे लढायला जागा आहे.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आहे, फोन १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. गोव्याचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. नाहीतर आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग, तिथे दोन वर्षांची मुदत. लोकपालाकडे कंपनीच्या नकारापासून एकच वर्ष मिळतं, म्हणून नकाराचं पत्र आलं की पहिल्यांदा त्याच्या कोपऱ्यात ते हातात पडल्याची तारीख लिहा.